प्लॅस्टिकचे हेमी इंजिन : तार कुठून निघते आणि कुठे पोहोचते

आपण १:२५ प्रमाणातल्या १९६७ च्या प्लिमथ जीटीएक्स गाडीचे किट घेतले, त्यातले ४२६ हेमी इंजिन सूचनापत्रकाप्रमाणे जोडले, त्याला नारिंगी रंग दिला, क्रोमचे भाग होते तसे बसवले, आणि तरीही ते खेळण्यातल्या इंजिनासारखे दिसते, असे आपण लिहिले आहे. त्यात जिवंतपणा यावा म्हणून कोणते जादा भाग विकत आणावेत, हा आपला प्रश्न आहे. गेली २२ वर्षे मी हेच काम करीत आलो आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो की, जादा भागांवर पैसे घालवण्याची गरज आपल्याला जवळजवळ नाही. किटमध्ये इंजिनाचे मुख्य भाग असतात. त्यांना एकमेकांशी जोडणारे दुवे मात्र नसतात. खऱ्या इंजिनात पेट्रोल टाकीकडून पंपात आणि पंपातून कार्बोरेटरमध्ये जाते, ठिणगी कॉइलमधून निघून आठ प्लगांपर्यंत पोहोचते, पाणी रेडिएटरमधून ब्लॉकमध्ये जाऊन परत येते. हे मार्ग दाखवणाऱ्या तारा आणि नळ्या मॉडेलमध्ये नसल्या की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे आहे हे त्याला कळते. म्हणून आपण जे जे जोडाल ते कुठून निघते आणि कुठे पोहोचते, याचे उत्तर आधी आपल्याकडे असले पाहिजे.

कामाला लागण्यापूर्वी या इंजिनाची थोडी ओळख करून घेणे फायद्याचे आहे, कारण पुढचे बरेचसे निर्णय त्यावरच ठरतात. क्रायस्लरने ४२६ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ७ लिटरचे, हे इंजिन १९६४ मध्ये शर्यतींसाठी आणले आणि त्याच वर्षी रिचर्ड पेटी यांनी प्लिमथमध्ये हे इंजिन घेऊन डेटोना ५०० ही शर्यत जिंकली. ते सर्वसामान्य विक्रीच्या गाड्यांत मिळत नाही या कारणाने नॅस्कार या अमेरिकन शर्यत-संस्थेने १९६५ साठी त्याला अडवले, तेव्हा कंपनीने १९६६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ‘स्ट्रीट हेमी’ काढले. आपल्या जीटीएक्समध्ये हेच इंजिन पर्याय म्हणून मिळत असे. कार्टर कंपनीचे चार तोंडांचे दोन कार्बोरेटर एकामागे एक बसवलेले दिसले की ते स्ट्रीट हेमी समजावे. ज्वलनकक्ष अर्धगोलाकार (इंग्रजीत ‘हेमिस्फेरिकल’, त्यावरूनच ‘हेमी’) असल्यामुळे दोन झडपा समोरासमोर कलत्या बसतात आणि प्लग वरून, थेट टॅपेट कव्हरमधून, म्हणजे हेडवरच्या झाकणातून, आत उतरतो. हेड इतके रुंद होण्याचे कारण हेच, आणि तारा लावण्याच्या कामाला याच्याइतके देखणे इंजिन दुसरे नसण्याचे कारणही हेच, कारण इतर बहुतेक व्ही-८, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांच्या, इंजिनांत एक्झॉस्टच्या नळ्यांखाली लपून जाणारे प्लगांचे शेवट इथे प्रत्येक बाजूला चार, असे ओळीने वर दिसत राहतात.

आता मापाविषयी. मॉडेलवरची प्रत्येक वस्तू मनातल्या मनात २५ ने गुणून पाहण्याची सवय लावून घ्यावी. त्या काळची प्लगची तार सुमारे ७ मिलिमीटर जाड असे, म्हणजे मॉडेलवर ती ०.२८ मिलिमीटर हवी. शिवणकामाचा जाड दोरा लावला तर तो सहज त्याच्या दीडपट-दुप्पट भरतो, शिवाय त्याचे तंतू सुटलेले दिसतात. गुणून पाहिले तर इंजिनावर दोरखंड गुंडाळल्यासारखे होते. पेट्रोलची धातूची नळी ८ ते साडेनऊ मिलिमीटरची, म्हणजे इथे ०.३२ ते ०.३८. रेडिएटरचा होज पाइप बाहेरून सुमारे ४५ मिलिमीटर, म्हणजे १.८. हीटरचा पाइप साधारण २४ मिलिमीटर, म्हणजे एक मिलिमीटरला किंचित कमी. ही चार मापे कागदावर लिहून कामाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवावीत आणि जाडी मोजण्यासाठी एक स्वस्तातला व्हर्नियर कॅलिपर घ्यावा. या सगळ्या कामात पैसे खर्च करण्यासारखी पहिली वस्तू तीच आहे.

या मापांच्या तारा आपल्याकडे फार सहज मिळतात. मोटार रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात तांब्याची इनॅमल केलेली वाइंडिंग वायर गेजप्रमाणे, म्हणजे जाडीच्या क्रमांकाप्रमाणे, मिळते: एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) ३२ ची तार ०.२७४ मिलिमीटर, ३० ची ०.३१५, २८ ची ०.३७६ आणि २० ची ०.९१४. म्हणजे प्लगसाठी ३२, पेट्रोलसाठी ३० किंवा २८ आणि हीटरच्या पाइपसाठी २० क्रमांकाची तार घेतली की मापाचा प्रश्न मिटतो. दुकानदाराकडे उरलेली टोके असतातच. दोन मीटर तार म्हणजे कित्येक इंजिनांचे काम. पुण्यात मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून, तर मुंबईस गेलो की लॅमिंग्टन रोडवरून, सर्किट बोर्डांना भोके पाडण्याचे ०.३ ते ०.५ मिलिमीटरचे ड्रिल आणि बारीक सोल्डर आणतो. औषधांच्या दुकानातून २३ गेजची इंजेक्शनची सुई घ्यावी. तिचे आतले भोक सुमारे ०.३४ मिलिमीटरचे असते, त्यामुळे ३० क्रमांकाची तार तिच्यात बेताची बसते. त्या सुईचे मिलिमीटरभर लांबीचे तुकडे कापले की पेट्रोलच्या नळीचे नट तयार होतात. सुई घासून कापणाऱ्या पातळ चकतीने (कटिंग डिस्कने) कापावी, पक्कडीने कापल्यास तोंड चेपते. आणि कापताना डोळ्यांवर चष्मा असू द्यावा.

जोडणीचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्याला जमला आहे असे आपल्या वर्णनावरून दिसते. भाग भांडी घासण्याच्या साबणाने धुवावेत, म्हणजे साच्यातले तेलकट लेपन निघून जाते. ब्लॉकचे दोन अर्धे पातळ सिमेंटने जोडल्यावर घाई न करता पूर्ण दिवस थांबावे, कारण सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून जोडते आणि ओल्या अवस्थेत घासलेली शिवण दोन दिवसांनी पुन्हा खाली बसते. त्यानंतर ब्लेडची उलटी धार शिवणीवरून ओढावी आणि ४००, ६०० व ८०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून क्रमाने फिरवावा. ऑइल चेंबरच्या तळाला आणि गिअरबॉक्सच्या मधोमध जाणारी शिवण बहुतेकांची राहून जाते. चंदेरी रंगाचा एक पातळ हात मारला की राहिलेले सगळे दोष दिसतात; ते काढून झाले की मगच पुढे जावे.

इथून पुढे मात्र सावकाश जावे लागते. खरा ब्लॉक बिडाचा, वाळूच्या साच्यात ओतलेला असतो. त्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असतो, आणि ज्या जागा मशिनवर तासलेल्या असतात त्या गुळगुळीत असतात. किटमधले प्लॅस्टिक सगळीकडे सारखेच गुळगुळीत असते, आणि खेळण्याचा भास निम्म्याहून अधिक तिथूनच येतो. यावर उपाय असा की, मिस्टर सरफेसर ५०० सारखा घट्ट प्रायमर जुन्या, केस आखूड कापलेल्या ब्रशने ब्लॉकच्या बाजूंवर आणि गिअरबॉक्सच्या घंटेच्या आकाराच्या भागावर टिपत जावे, तो अर्धवट सुकला की पुन्हा टिपावे आणि पूर्ण सुकल्यावर ८०० चा वॉटर पेपर एकदाच हलका फिरवून टोके मोडावीत. हा खरखरीतपणा बोटाला कळावा आणि डोळ्याला जेमतेम कळावा इतकाच हवा, कारण ०.१ मिलिमीटरचा कण २५ ने गुणला तर अडीच मिलिमीटरचा खडा होतो आणि असा ब्लॉक कोणत्याही कारखान्याने पास केला नसता. हेड आणि ब्लॉक जिथे मिळतात ती रेषा, टायमिंग कव्हरची कडा आणि ऑइल चेंबर, जो पत्र्याचा असतो, या जागांवर प्रायमर टिपू नये.

क्रोमचे भाग तसेच वापरू नयेत. किटमधले क्रोम म्हणजे लॅकरच्या थरावर निर्वात कक्षात चढवलेला ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ मुलामा असतो. त्यावर सिमेंट धरत नाही, आणि तुकडा फ्रेममधून, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून, कापला की कापलेल्या जागी पांढरा डाग राहतो. घरातल्या ब्लीचमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, हे भाग रात्रभर बुडवून ठेवले की मुलामा निघून जातो. हे काम उघड्या खिडकीपाशी, हातमोजे घालून करावे आणि त्या भांड्यात आम्ल असलेला टॉयलेट क्लीनर चुकूनही पडू देऊ नये, कारण दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू निघतो. मुलाम्याखालचा पारदर्शक थर उरतो. बारीक नक्षी त्याने बुजलेली वाटली तर त्या जागी वॉटर पेपर हलकेच फिरवावा. खऱ्या गाडीवर जे चकचकीत होते त्याला नंतर आपण हवी ती चमक देऊ शकतो.

रंगाविषयी आपल्या मॉडेलमध्ये दोन गोष्टी खटकत असाव्यात असा माझा अंदाज आहे, कारण त्या जवळजवळ प्रत्येक पहिल्या इंजिनात असतात. एक म्हणजे नारिंगी रंग बाटलीतला जसाच्या तसा, पूर्ण चकाकीचा. स्ट्रीट हेमीचा नारिंगी तांबूस आहे, पण मॉडेलच्या आकाराला तो थोडा फिका करून घ्यावा लागतो, नाहीतर लहान वस्तूवर रंग गडद आणि भडक दिसतो. मी दहा भाग रंगाला एक भाग मऊ पिवळसर पांढरा घालतो आणि शेवटी अर्धचमकीचा वॉर्निश देतो. नारिंगी रंगाची झाकण्याची ताकद कमी असते, म्हणून खाली करडा प्रायमर न देता पांढरा किंवा फिका गुलाबी द्यावा, म्हणजे पातळ दोन हातांत काम होते आणि बारकावे बुजत नाहीत. दुसरी गोष्ट बोल्टची. पुष्कळ जण मोठ्या कष्टाने ब्लॉकवरच्या प्रत्येक बोल्टचे डोके चंदेरी करतात. खऱ्या इंजिनाला कारखान्यात जोडणी झाल्यानंतर रंग मारला जात असे, त्यामुळे ब्लॉक, हेड आणि टायमिंग कव्हर यांचे बोल्ट नारिंगीच असत. तेव्हा हे सारे भाग आधी जोडून घ्यावेत आणि एकत्रच रंगवावेत. कारखान्याची रीत इथे आपले कष्टही वाचवते.

टॅपेट कव्हर काळे, सुरकुतलेल्या पोताचे असते. हा पोत मिळवण्यासाठी मी मॅट काळा रंग एअरब्रशने नेहमीच्या दुप्पट अंतरावरून, म्हणजे २५-३० सेंटिमीटरवरून उडवतो; रंगाचे थेंब वाटेतच अर्धवट सुकतात आणि पृष्ठभागावर बारीक कणांच्या रूपात बसतात. तीन हात झाले की गडद करड्या रंगात ब्रश बुडवून, कापडावर जवळजवळ कोरडा करून, कडांवरून फिरवावा. आपल्याकडे एअरब्रश नसेल तर मॅट काळ्या रंगात चिमूटभर अगदी बारीक टाल्कम पावडर मिसळून ब्रशने टिपावा; परिणाम थोडा भरड येतो, पण गुळगुळीत काळ्यापेक्षा कितीतरी खरा दिसतो.

धातूंच्या बाबतीत एकच चंदेरी रंग सगळीकडे लावू नये. ४२६ हेमीवरच्या कार्टर कार्बोरेटरचे नाव एएफबी, म्हणजे ‘ॲल्युमिनियम फोर बॅरल’; त्यामुळे तो फिक्या, मंद ॲल्युमिनियम रंगाचाच हवा. पुष्कळ मॉडेलांत कार्बोरेटर सोनेरी दिसतात, पण ती पिवळसर झाक दुसऱ्या काही बनावटींच्या जस्ताच्या कार्बोरेटरांची आहे. गिअरबॉक्स कोणता आहे तेही पाहावे: टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक असेल तर त्याचे आवरण ॲल्युमिनियमचे, आणि हाताने बदलायचा चार गिअरचा असेल तर मुख्य आवरण बिडाचे, मागचा निमुळता भाग ॲल्युमिनियमचा. बिडासाठी गनमेटलमध्ये थोडा मॅट तपकिरी मिसळावा, ओतीव ॲल्युमिनियमसाठी फ्लॅट ॲल्युमिनियम रंगात थेंबभर करडा, आणि तासलेल्या जागांसाठी तोच रंग शुद्ध वापरावा. अशा तीन-चार छटा शेजारी शेजारी आल्या की इंजिन वेगवेगळ्या धातूंचे बनले आहे हे दिसू लागते.

खाचांमध्ये सावली भरण्यासाठी कॅम्लिनच्या तैलरंगातला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि काळा पुरेसा आहे. नळीतला रंग आधी पुठ्ठ्यावर तासभर काढून ठेवावा, म्हणजे जादा तेल पुठ्ठा शोषून घेतो. मग मिनरल टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून फक्त खाचांत सोडावा आणि उरलेला कापसाच्या काडीने टिपून घ्यावा. खालचा रंग ॲक्रिलिक असावा आणि तो पूर्ण सुकलेला असावा. हार्डवेअरच्या दुकानातले एनसी थिनर मात्र या कामाला आणू नये. ते प्लॅस्टिक खाते. पावसाळ्याविषयीही इथेच सांगतो: दमट हवेत लॅकर उडवला तर त्यावर पांढुरकी झाक येते आणि काळ्या रंगावर ती सर्वांत वाईट दिसते. जून ते सप्टेंबरमध्ये मी शक्यतो जोडणी आणि तारांचीच कामे करतो, आणि रंग उडवायचाच झाला तर पाऊस उघडलेल्या दिवशी दुपारी.

आता ठिणगीकडे वळू. किटमधला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगी आठ प्लगांना पाळीपाळीने वाटून देणारा भाग, ज्याला आपल्या गॅरेजमध्ये ‘डेल्को’ म्हणतात, इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजवीकडे कललेला बसतो. त्याच्या टोपीवर मधोमध एक आणि भोवती आठ, अशी नऊ भोके पाडायची आहेत. सुमारे अडीच मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आठ भोके म्हणजे दोन केंद्रांत एक मिलिमीटरहून किंचित कमी अंतर येते. हात स्थिर असला तरी नजरेच्या अंदाजाने ही समान पडत नाहीत. माझी पद्धत अशी: टोपीचा भाग फ्रेममधून कापण्यापूर्वीच, म्हणजे धरायला जागा असताना, सुईच्या टोकाने पहिली खूण करावी, तिच्या बरोबर समोर दुसरी, मग काटकोनात तिसरी आणि चौथी, आणि शेवटी प्रत्येक दोन खुणांच्या मध्ये एकेक. खूण खोल झाली की ०.३ मिलिमीटरचे ड्रिल पिन व्हाइसमध्ये, म्हणजे बारीक ड्रिल धरण्याच्या हातमुठीत, धरून हातानेच फिरवावे. कार्बाइडचे ड्रिल बाजूचा दाब अजिबात सोसत नाही. एकाला तीन आणावेत.

मग तारांचा क्रम. अमेरिकन गाडीत चालक डावीकडे बसतो, तेव्हा ‘चालकाची बाजू’ असे कुठे वाचले की आपल्या सवयीने उजवी समजू नये. गाडीत बसून पुढे पाहताना जी डावी, ती डावी. या इंजिनात डावीकडे पुढून मागे १, ३, ५, ७ आणि उजवीकडे २, ४, ६, ८ असे सिलिंडर आहेत. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ आहे आणि टोपीखाली फिरून एकेका तारेला ठिणगी देणारा रोटर वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. म्हणजे टोपीवर एक नंबरच्या भोकापासून उलट दिशेने जाताना एक तार डावीकडे, दोन उजवीकडे, एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन डावीकडे आणि शेवटची उजवीकडे जाते.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगणे गरजेचे वाटते. माझे दुसरे की तिसरे हेमी मी मोठ्या मेहनतीने पूर्ण केले आणि आमच्या गल्लीतल्या गॅरेजच्या मिस्त्रींना दाखवायला नेले. त्यांनी सारी हयात पद्मिनी आणि ॲम्बॅसेडरवर काढलेली. आठ सिलिंडरचे इंजिन त्यांनी कधी उघडले नव्हते. त्यांनी भिंग घेतले, बराच वेळ तारा एकेक करून मोजल्या आणि विचारले, “याचा रोटर कुठल्या बाजूला फिरतो?” मी शेव्हरोलेच्या लहान व्ही-८ च्या आकृतीवरून तारा लावल्या होत्या. त्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर अगदी हाच आहे, पण त्याचा डिस्ट्रिब्युटर मागे असतो आणि रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो. क्रम बरोबर होता, दिशा उलटी होती, आणि माझे इंजिन सुरू होणे शक्यच नव्हते. मिस्त्रींनी ते चार-सहा प्रश्नांत, इंग्रजीचा एक शब्दही न वाचता, शोधून काढले. घरी येऊन मी नऊही तारा काढल्या आणि नवी टोपी केली. तेव्हापासून तार कापण्यापूर्वी मी कागदावर टोपीचे वर्तुळ काढतो, त्यावर बाणाने दिशा दाखवतो आणि आठ आकडे लिहितो. आपणही तसे करावे असा माझा आग्रह आहे.

तार लावताना ती आधी सरळ करावी लागते. हातभर तुकडा गुळगुळीत फरशीवर ठेवून त्यावर काचेची पट्टी दाबून पुढेमागे लोळवली की रिळाचे वळण निघून जाते. मग तिचे एक टोक टोपीत घालून, जेमतेम दिसेल इतक्या फेव्हिक्विकने पक्के करावे; ते सुईच्या नेढ्याचा वरचा भाग कापून झालेल्या काट्याने लावावे, बाटलीतून थेट नको. तांब्याची तार बोटांनी वाकवली की तिला कोन येतो, आणि रबराच्या तारेला कोन कधीच येत नाही. म्हणून प्रत्येक वळण विणकामाच्या सुईवरून किंवा बॉलपेनच्या रिफिलीवरून द्यावे. तार टोपीतून सरळ वर निघाली पाहिजे, मग स्वतःच्या वजनाने झुकल्यासारखी वळली पाहिजे आणि टॅपेट कव्हरवरच्या प्लगच्या भोकात वरून उतरली पाहिजे. डावीकडच्या चार तारा एका जुडग्यात आणि उजवीकडच्या चार दुसऱ्या जुडग्यात बांधाव्यात. डाव्या जुडग्यात एक काळजी घ्यावी: ५ आणि ७ हे सिलिंडर शेजारी आहेत आणि फायरिंग ऑर्डरमध्येही लागोपाठ येतात. त्यांच्या तारा लांबवर एकमेकींना चिकटून समांतर गेल्या तर एकीतल्या विद्युतदाबाने दुसरीत ठिणगी उपजू शकते, म्हणून जाणकार मेकॅनिक त्यांच्यामध्ये ३ ची तार घालतात किंवा त्या दूर ठेवतात. मॉडेलवरही तसेच करावे. पाहणाऱ्या शंभरांतल्या एकालाच ते कळेल, पण त्या एकाला आपण हे इंजिन समजून केले आहे हेही कळेल.

आकार पूर्ण झाल्यावरच तारा रंगवाव्यात, कारण आधी रंगवलेली तार वाकवताना रंगाला तडे जातात. कारखान्यातून निघालेल्या गाडीत प्लगच्या तारा काळ्या असत. लाल, पिवळ्या, निळ्या तारा मागाहून बाजारातून आणून लावलेल्या असतात. प्लगच्या टोकावरचा रबरी बूट करण्यासाठी फेव्हिकॉलचे दोन-तीन बारीक थेंब एकावर एक सुकू द्यावेत आणि त्यावर मॅट काळा द्यावा. नववी तार टोपीच्या मध्यातून कॉइलकडे जाते. कॉइलवरच्या दोन बारीक तारांपैकी एक डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी आणि दुसरी फायरवॉलवरच्या (इंजिन आणि प्रवासी कक्ष यांमधल्या पत्र्यावरच्या) पांढऱ्या, चिनी मातीच्या बॅलास्ट रेझिस्टरकडे, म्हणजे कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या भागाकडे, न्यावी. तो किटमध्ये बहुधा नसतो. प्लॅस्टिकच्या पट्टीचा तीन मिलिमीटरचा तुकडा पुरतो.

पेट्रोलचा पंप उजव्या बाजूला पुढे, खालच्या अंगाला असतो. तिथून निघालेली नळी वर येते आणि दोन कार्बोरेटरांसाठी दोन फाट्यांत विभागते. धातूची नळी तारेपेक्षा वेगळी वागते: ती सरळ रेषेत जाते आणि ठरावीक त्रिज्येत वळते, तिला झोल नसतो. कलाई केलेली तार किंवा बारीक सोल्डर घेऊन, सुईचे कापलेले तुकडे नट म्हणून ओवून, ती एकदम घडवावी. थ्रॉटलच्या स्प्रिंगसाठी ४० क्रमांकाची, ०.१२ मिलिमीटरची तार सुईवर गुंडाळली की पुरे.

पाण्याचे पाइप किटमध्ये कडक प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांच्या मधोमध शिवण असते. व्हर्नियरने मोजून १.८ मिलिमीटरची काळी इन्सुलेटेड तार घ्यावी, आतले तांबे काढू नये, म्हणजे दिलेले वळण टिकते. पीव्हीसीची चमक मॅट वॉर्निशने मारावी. क्लिप म्हणून चॉकलेटच्या चांदीची अर्ध्या मिलिमीटरची पट्टी गुंडाळावी. फॅन बेल्टला मॅट गडद करडा, पुलीला अर्धचमकीचा काळा, एवढे झाले की पुढची बाजू संपली.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्या, रंगवण्यापूर्वी आपली गाडी किती जुनी दाखवायची हे ठरवावे. ते बिडाचे, बिनरंगाचे असतात आणि काही आठवड्यांच्या वापरातच त्यांच्यावर तपकिरी थर धरतो. नवी कोरी गाडी असेल तर फक्त गडद पोलादी करडा. वापरातली असेल तर त्यावर बर्न्ट अंबर, आणि सुक्या पेस्टल खडूची तपकिरी भुकटी मऊ ब्रशने. भडक केशरी गंज लावू नये. आणि मॅनिफोल्ड जुने दाखवले असेल तर टॅपेट कव्हरवर धूळ, चेंबरच्या कडेला तेलाची ओल आणि ब्लॉकच्या खालच्या भागात काळपटपणा हवाच. नव्या इंजिनाला जुने सायलेन्सर जोडल्यासारखे दिसता कामा नये.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधी करायची, पण तिचे महत्त्व आता आपल्या लक्षात येईल म्हणून शेवटी सांगतो. हेमीला ‘एलिफंट’ हे टोपणनाव त्याच्या आकारामुळे पडले आणि जीटीएक्सच्या बॉनेटखाली ते जवळजवळ भिंतीला भिंत लागून बसते. तारा लावण्यापूर्वी रंग न दिलेले इंजिन चासिसमध्ये ठेवून, बॉडी वरून बसवून, बॉनेट बंद करून पाहावे. डाव्या टॅपेट कव्हर आणि ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये किती जागा उरते ते पेन्सिलने टिपून ठेवावे, कारण डाव्या जुडग्याच्या मागच्या दोन तारा तिथूनच जाणार आहेत. बॉनेट टेकत असेल तर एअर क्लीनरचा तळ अर्धा मिलिमीटर घासावा, कार्बोरेटरची उंची कमी करू नये. एअर क्लीनर चिकटवूच नये. तो नुसता ठेवावा, म्हणजे कोणी विचारले की तो उचलून खालचे दोन्ही कार्बोरेटर आणि त्यांच्यात विभागलेली नळी दाखवता येते. होज पाइपाचे रेडिएटरकडचे टोक आणि बॅलास्ट रेझिस्टरची तार इंजिन गाडीत बसल्यानंतरच जोडावी. त्यासाठी दोन्ही टोके तीन-चार मिलिमीटर जास्त लांब ठेवावीत आणि जागेवर मोजूनच कापावीत.